मीटर चालू आहे!

(मंडळाच्या रविवारच्या व्याख्यानात केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषयाचं नाव 'क्लाउडचं बिल' असं वाचून काही जणांना वाटलं असेल की ही बाई आता पावसापाण्यावर बोलणार. काहींना वाटलं असेल, हे कॉम्प्युटरवाल्यांचं काहीतरी असणार, आपण मागच्या रांगेत बसून बटाटेवडे कधी येतात याची वाट पाहू. दोघांनाही माझी विनंती आहे की अर्धा तास कळ काढा. विषय पैशांचा आहे, आणि पैशांची गोष्ट निघाली की मराठी माणूस डुलकीतूनही जागा होतो.

मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नोकरी करते. त्यातली अलीकडची काही वर्षं माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे कंपनीचं क्लाउडचं बिल दर महिन्याला ओळ न् ओळ तपासणं. म्हणजे घरी वाणसामानाची यादी आणि ऑफिसात सर्व्हरची यादी! कंपनीच्या बिलाची काळजी करायला माझ्यासारखी पगारी माणसं असतात. पण आता हे बिल आपल्या घरांत शिरलं आहे. कुणाचा मुलगा हायस्कूलच्या प्रोजेक्टसाठी आईचं क्रेडिट कार्ड घालून अकाउंट उघडतो. कुणाचा भाचा पुण्याहून एम.एस. करायला आलेला असतो. कुणी नोकरी सांभाळून घरगुती फराळाचा व्यवसाय करते आणि तिची वेबसाइट क्लाउडवर असते. या सगळ्यांच्या पोटात एकच गोळा असतो : महिनाअखेरीला किती येईल? आणि जास्त आलं तर?

आधी क्लाउड म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगते. दुसऱ्याचा कॉम्प्युटर भाड्याने घेणं, एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये फाइली साठवण्याची 'एस-थ्री' ही सेवा काढली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्व्हर तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टचं 'अ‍ॅझ्युअर' २०१० साली बाजारात आलं. गूगलही या धंद्यात आहेच. २०११ साली अमेरिकन सरकारच्या एन.आय.एस.टी. या संस्थेने क्लाउडची व्याख्या केली आणि त्याची पाच लक्षणं सांगितली. त्यातली दोन आज आपल्या कामाची आहेत. एक, सेवा मोजून दिली जाते. दोन, ती मागाल तेव्हा मिळते, आणि देणाऱ्याच्या बाजूच्या कुठल्याही माणसाशी बोलावं लागत नाही.

ही दोन लक्षणं एकत्र आली की काळजीचा जन्म होतो. कसा, ते सांगते.

आम्ही लहान असताना सांगलीत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आमचं खातं होतं. आई म्हणायची, "जा, दोन किलो साखर घेऊन ये आणि लिहून ठेवा म्हणावं." तो वहीत लिहायचा. महिन्याच्या शेवटी बाबा पैसे द्यायचे. हेही 'आधी वापरा, मग भरा' असंच होतं. पण समजा, मी आठ वर्षांची पोरगी त्याच्यापुढे उभी राहून म्हणाले असते, "काका, चारशे किलो साखर द्या, लिहून ठेवा," तर? त्याने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं असतं आणि विचारलं असतं, "आईला बोलाव बघू आधी." हा वाणी म्हणजेच खर्चाची मर्यादा! वहीपेक्षा त्याच्या डोळ्यांवर आमच्या घरचा हिशेब टिकून होता.

क्लाउडमध्ये वही आहे, मीटर आहे, गोदाम तर अफाट आहे. फक्त तो वाणी नाही. चारशे किलो मागा, चार लाख किलो मागा, यंत्र 'घ्या' म्हणतं आणि लिहून ठेवतं. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूण संपतच नाही, त्यामुळे पाय किती पसरले ते बिल आल्यावरच कळतं.

आता थोडे आकडे बघू. अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरांचे दर घेते. तिथे क्लाउडमध्ये माहिती आत टाकायला सहसा काही पडत नाही. ती बाहेर काढताना पैसे लागतात. महिन्याला पहिले १०० गीगाबाइट फुकट आणि त्यापुढे गीगाबाइटला ९ सेंट. ९ सेंट म्हणजे किरकोळ वाटतात ना? समजा, आपल्या मंडळाच्या नाटकाची २ गीगाबाइटची फिल्म कुणा उत्साही कार्यकर्त्याने तिथे ठेवली आणि ५०० कुटुंबांनी उतरवून घेतली. एकूण १,००० गीगाबाइट. १०० वजा करा, उरले ९००. झाले ८१ डॉलर. तीच फिल्म यूट्यूबवर टाकली असती तर मंडळाला एक पैसा पडला नसता. खजिनदार हसतायत, पण हे त्यांच्यासाठीच आहे.

दुसरा प्रकार विसरलेल्या वस्तूंचा. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन इंटरनेटवरच्या प्रत्येक सार्वजनिक आय.पी.व्ही.फोर पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं. महिन्याला ३ डॉलर ६० सेंट. 'नॅट गेटवे' नावाचा एक भाग असतो, खाजगी नेटवर्कमधून बाहेर जायचा दरवाजा समजा. तो नुसता उभा करून ठेवला तरी तासाला साडेचार सेंट, म्हणजे महिन्याला ३२ डॉलरच्या वर. त्यातून कुणी ये-जा करो वा ना करो. यूट्यूबवरचा धडा पाहून मुलगा तो दरवाजा उभारतो, धडा संपतो, मुलगा विसरतो. दरवाजा मात्र विसरत नाही. आणि सर्व्हर 'थांबवला' म्हणजे संपलं असंही नसतं. त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. थांबवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं.

हे झाले थेंबे थेंबे साचणारे तळे. कधी कधी धरणच फुटतं. २०२० साली एका छोट्या नव्या कंपनीने गूगलच्या फायरबेस आणि क्लाउड रन या सेवांवर एक चाचणी चालवली. त्यांनी ७ डॉलरचं बजेट लावलं होतं. प्रोग्राम स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहिला आणि काही तासांत डेटाबेसमधून ११६ अब्ज वेळा वाचन झालं. दर होता लाख वाचनांना ६ सेंट. गुणाकार करून बघा, नुसत्या वाचनाचेच ६९,६०० डॉलर होतात. एकूण बिल ७२,००० डॉलरच्या आसपास गेलं. गूगलने ते पुढे माफ केलं, असं त्या कंपनीने स्वतःच लिहिलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेटलिफाय'च्या फुकटच्या योजनेवर असलेल्या एका साध्या वेबसाइटवरची एक ध्वनिफीत कुणीतरी यंत्रांकरवी लाखो वेळा ओढून घेतली आणि मालकाला सुमारे १,०४,००० डॉलरचं बिल आलं. गवगवा झाल्यावर कंपनीच्या प्रमुखाने ते घेतलं जाणार नाही असं जाहीर केलं. तिथे मालकाने काहीच केलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. केलं होतं बाहेरच्या माणसाने, आणि मीटर मात्र मालकाचं.

या बातम्या वाचून आपण च्यक् च्यक् करतो आणि पान उलटतो. म्हणून एक आपल्या जवळची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे. आपल्या गणपतीला महाप्रसादाला एक एम.एस.चा विद्यार्थी आला होता. ताट घेऊन बसला, पण जेवेना. मी विचारलं तर "बरं नाही मावशी," म्हणाला. भांडी आवरताना पुन्हा विचारलं तेव्हा तो बोलला. क्लाससाठी त्याने एका क्लाउड कंपनीकडून ग्राफिक्स कार्डवाला मोठा सर्व्हर घेतला होता, तासाला ३ डॉलरचा. सादरीकरण झालं, ए ग्रेड मिळाली, आणि सर्व्हर तसाच चालू राहिला. ३ गुणिले २४ गुणिले ३२ दिवस. २,३०४ डॉलर. कंपनीने इशाऱ्याच्या ई-मेल पाठवल्या होत्या, पण अकाउंट पुण्याच्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर उघडलेलं. तो पत्ता तो आता पाहतच नव्हता.

पैशाचं तर होतंच. घरी शैक्षणिक कर्ज, वडील निवृत्तीला आलेले. पण मला लागलं ते वेगळंच. त्या मुलाने तीन आठवडे ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. रूममेटला नाही, घरी नाही. दर रविवारी आईशी व्हिडिओवर हसून बोलत होता. त्याच्या डोक्यात चक्र चालू होतं : क्रेडिट स्कोअर जाईल, व्हिसाला अडचण येईल, पोलीस येतील. मी त्याला म्हटलं, "अरे, हे देणं आहे, गुन्हा नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. मोठा भाग माफ झाला, उरलेले त्याने दोन हप्त्यांत भरले. त्याला मोकळा श्वास घेता आला. पण मला त्याने शेवटी काय सांगितलं माहीत आहे? "मावशी, मी आता क्लाउडला हात लावणार नाही." ज्या विषयात ए मिळाली, तो विषय भीतीने सोडायचा? हे नुकसान २,३०४ डॉलरपेक्षा मोठं आहे.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की या एवढ्या हुशार कंपन्यांना "१०० डॉलर झाले की बंद" असं एक बटण देता येत नाही का?

त्यांची बाजू आधी मांडते. एक, हिशेब लगेच होत नाही. हजारो यंत्रांवरची मोजणी गोळा होऊन त्याचे पैसे ठरायला वेळ लागतो. अ‍ॅमेझॉनच्या बजेटमधली माहिती दिवसातून फार तर तीन वेळा ताजी होते, आणि दोन वेळांच्या मध्ये आठ ते बारा तास जातात. ७ डॉलरच्या बजेटचा इशारा येईपर्यंत हजारो उडून जातात ते यामुळे. दोन, बंद करायचं म्हणजे नक्की काय? सर्व्हर बंद करता येईल, पण साठवलेल्या फाइलींचंही भाडं असतं. मग काय, तुमच्या मुलांचे फोटो पुसून टाकायचे? एखाद्या दुकानाची साइट ऐन विक्रीच्या दिवशी मर्यादा गाठली म्हणून बंद पडली, तर तो दुकानदार कंपनीला शिव्याच देईल. या अडचणी खऱ्या आहेत. मी रोज त्यात काम करते, मला ठाऊक आहे.

पण दुसरी बाजूही आहे. अ‍ॅझ्युअरच्या फुकट क्रेडिटवर चालणाऱ्या अकाउंटला खर्चाची मर्यादा असते. क्रेडिट संपलं की सेवा थांबते. तेच अकाउंट पैसे भरून वापरायला लागा, ती मर्यादा मिळत नाही. गूगलच्या ३०० डॉलरच्या चाचणी काळात तुम्ही स्वतः पुढे जायचं ठरवल्याशिवाय पैसे कापले जात नाहीत. अ‍ॅमेझॉननेही जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांसाठी अशीच फुकटची योजना आणली. सहा महिने झाले किंवा क्रेडिट संपलं की खातं बंद, बिल नाही. म्हणजे कंपनीचे स्वतःचे पैसे खर्च होत असतात तेव्हा बटण सापडतं! ग्राहकाचे पैसे सुरू झाले की ते अवघड होऊन बसतं. हे काही कट-कारस्थान आहे असं मी म्हणणार नाही. मोठ्या ग्राहकांना बंद पडणं परवडत नाही आणि धंदा त्यांच्यावर चालतो. पण छोट्या माणसाला निदान निवड तरी हवी.

तोवर आपण काय करायचं? वाणी नाही ना, मग वाणी आपणच व्हायचं. घरी जाऊन करायच्या गोष्टी सांगते, लिहून घ्या.

पहिली गोष्ट, अकाउंट उघडलं की सर्व्हर उभारण्याआधी बजेटचा इशारा लावा. एक नको, तीन लावा : १ डॉलर, १० डॉलर, २५ डॉलर. आणि इशारा दोन माणसांच्या ई-मेलवर जाऊ दे. मुलाच्या आणि आईच्या किंवा बाबांच्या. पण पुन्हा सांगते, इशारा म्हणजे मर्यादा नव्हे. शिट्टी झाली म्हणून कुकरखालचा गॅस आपोआप बंद होत नाही, उठावं लागतं.

दुसरी गोष्ट, मीटरवर न चालणारी जागा मिळत असेल तर ती घ्या. शाळेच्या प्रोजेक्टच्या साध्या पानांना गिटहब पेजेस फुकट पुरतं. त्याहून थोडं जास्त हवं असेल तर महिन्याला ठरावीक भाड्याचा छोटा सर्व्हर घ्या. पण घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, "ठरलेल्यापेक्षा जास्त माहिती बाहेर गेली तर बंद कराल की पैसे लावाल?" कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा वापरत असाल तर शक्य तिथे आगाऊ पैसे भरा आणि आपोआप रिचार्जची खूण काढून टाका.

तिसरी गोष्ट, जिथे आकड्याला लगाम घालता येतो तिथे घाला. एका वेळी जास्तीत जास्त किती यंत्रं चालू व्हावीत हे बऱ्याच सेवांमध्ये ठरवता येतं. छंदाच्या प्रोजेक्टला एक-दोन पुरतात. पैशाला मर्यादा घालता येत नसेल तर यंत्रांना घाला.

चौथी गोष्ट, किल्ल्या सांभाळा. क्लाउडच्या गुप्त किल्ल्या प्रोग्राममध्ये लिहून तो सार्वजनिक ठिकाणी ठेवला, तर चोरांची यंत्रं त्या शोधतच असतात. मग तुमच्या नावावर भलत्याच खंडात सर्व्हर उभे राहून कुणाचं तरी क्रिप्टो खणलं जातं. गिटहब २०२४ पासून सार्वजनिक प्रोजेक्टमध्ये अशा ओळखीच्या किल्ल्या जाऊ लागल्या तर अडवतं, पण त्यावर विसंबू नका. मुख्य अकाउंटला दुहेरी पडताळणी लावा. आणि महिन्यातून एकदा सगळे रीजन उघडून बघा, घरातल्या सगळ्या खोल्यांतले दिवे बघतो तसे.

आणि इतकं करूनही बिल आलंच तर? घाबरू नका. आधी चालू असलेलं बंद करा, किल्ल्या बदला. मग कंपनीच्या बिलिंग विभागाला लिहा : काय झालं, कधी कळलं, काय बंद केलं, पुढे होऊ नये म्हणून काय लावलं. माफी हा आपला हक्क नाही, पण पहिल्या वेळी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचं कंपन्या बरेचदा ऐकतात. आणि नुसतं क्रेडिट कार्ड रद्द करून बसू नका. कार्ड रद्द झालं तरी देणं रद्द होत नाही, मीटरही थांबत नाही.

आता थोडं मोठ्या चित्राकडे बघू. परदेशात फोनचं बिल अचानक फुगण्याचा त्रास आपल्याइतका कुणाला माहीत असणार? भारतात उतरल्यावर रोमिंग बंद करायचं राहिलं आणि परत आल्यावर डोळे पांढरे झाले, असे इथे किती जण आहेत? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! त्या वेळीही फोन कंपन्या म्हणत होत्या की हिशेब उशिरा येतो, मर्यादा घालणं अवघड आहे. युरोपने नियम केला. १ जुलै २०१० पासून, ग्राहकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर, रोमिंगच्या डेटाला महिन्याला कर वगळून ५० युरोची मर्यादा. ८० टक्क्यांना इशारा, १०० टक्क्यांना बंद. कंपन्यांना ते जमलं. इथे अमेरिकेत २०११ साली मोबाइल कंपन्यांनी फक्त इशारे द्यायचं कबूल केलं आणि एप्रिल २०१३ पर्यंत ते सुरू केले. एकीकडे शिट्टी, दुसरीकडे गॅस बंद. फरक कळला ना?

आणि तक्रार केल्याने काही होत नाही असंही नाही. २०२४ च्या वसंतात एका प्रोग्रामरने जाहीरपणे लिहिलं, की त्याच्या रिकाम्या आणि कुलूपबंद एस-थ्री बकेटवर परक्यांच्या कोट्यवधी विनंत्या आदळल्या. त्या नाकारल्या गेल्या तरी त्याला १,३०० डॉलरच्या वर बिल आलं. म्हणजे बंद दारावर कुणीतरी टकटक करायची आणि पैसे घरमालकाने द्यायचे! त्यावर गदारोळ झाला आणि त्याच मे महिन्यात अ‍ॅमेझॉनने अशा बाहेरून आलेल्या, परवानगी नसलेल्या विनंत्यांचे पैसे घेणं थांबवलं. एका माणसाने लिहिलं म्हणून झालं. आपल्यापैकी कितीतरी जण याच कंपन्यांत किंवा त्यांच्या मोठ्या ग्राहकांकडे काम करतात. मीटिंगमध्ये "छोट्या ग्राहकाला मर्यादेचं बटण द्या" एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत आहे?

शेवटी आई-वडिलांना एक सांगणं आहे. मुलांना क्लाउड शिकू द्या. पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या पोटापाण्याचा तो विषय असणार आहे. कार्ड देताना "जपून वापर रे" एवढंच म्हणू नका. शेजारी बसा आणि इशारे दोघांनी मिळून लावा. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, बिल यायच्या आधी : "काही गडबड झाली तर त्याच रात्री मला उठव. मी रागावेन, पण आधी आपण ते बंद करू." आपल्या घरांत मार्क कमी पडले की मुलं लपवतात, पैसे गेले की त्याहून जास्त लपवतात. लपवलेला प्रत्येक दिवस इथे चोवीस तासांनी गुणला जातो.

ज्यांचे आई-वडील सात समुद्रांपलीकडे आहेत, त्या विद्यार्थ्यांसाठी कार्यकारिणीशी बोलून एक सोय केली आहे. आमच्यापैकी या क्षेत्रातल्या चौघांनी आपले फोन नंबर मंडळाच्या चिटणिसांकडे दिले आहेत. असं बिल आलं तर चिटणिसांना फोन करा, ते आमच्यापैकी कुणाला तरी जोडून देतील. नाव विचारलं जाणार नाही, आणि रात्रीचे दोन वाजले असतील तरी चालेल.

बटाटेवडे तयार आहेत असा इशारा आताच आला आहे. त्याला मर्यादा नाही, असं स्वयंपाकघरातून कळवलं आहे.